ट्राय, पर्क, एमडीसी: बेळगाव सीमाभागातल्या शॉपमध्ये क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट घेताना, वापरताना आणि टाकताना

उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती किंवा निपाणीकडच्या एखाद्या मशिन शॉपमध्ये खरेदीचं किंवा स्टोअरचं काम नव्याने अंगावर आलं की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच ‘डिग्रीझिंग सॉल्व्हंट’ (भागावरचं तेल-ग्रीस विरघळवून काढणारा द्रव) लिहिलेल्या ड्रमशी गाठ पडते. तेल चुटकीसरशी निघतं, सुकायला वेळ लागत नाही आणि सहसा आगही लागत नाही, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. पण या रसायनांभोवती जगभर कायद्याचा फास आवळत चालला आहे. भाव, पुरवठा आणि ग्राहकांचे प्रश्न त्याच कारणाने बदलताहेत. हे लक्षात न घेता फक्त किलोचा दर पाहून खरेदी केली, तर वाचलेले पैसे पुढे कचऱ्याच्या विल्हेवाटीत आणि कामगारांच्या तब्येतीत दुपटीने जातात.

पहिली पायरी: ड्रममध्ये नेमकं काय आहे ते ओळखा

व्यापारी नावावर जाऊ नका. बिल, लेबल आणि सुरक्षा माहितीपत्रक या तिन्हींवर एकच सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक, आहे का ते पाहा. ट्रायक्लोरोइथिलीन म्हणजे ट्राय: ७९-०१-६. परक्लोरोइथिलीन म्हणजे पर्क: १२७-१८-४. मेथिलीन डायक्लोराइड म्हणजे एमडीसी: ७५-०९-२. माहितीपत्रकाच्या तिसऱ्या विभागात घटक आणि त्यांचं प्रमाण दिलेलं असतं. तिथे नुसतं ‘गोपनीय मिश्रण’ लिहिलं असेल, तर तो माल घेऊ नका.

कागद पाहून झाले की वजन करा. पाचशे मिलीचा मोजपात्र-फ्लास्क आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा एवढं पुरतं. एमडीसीची घनता सुमारे १.३३, ट्रायची १.४६, पर्कची १.६२. म्हणजे अर्धा लिटर ट्राय साधारण ७३० ग्रॅम भरायला हवा. तो ६८० ग्रॅम भरला, तर त्यात मिनरल टर्पेंटाइन किंवा रॉकेलसारखं हलकं काहीतरी मिसळलेलं आहे, आणि मग ‘आग लागत नाही’ हा गुणही गेला. दोनशे लिटरच्या ड्रममधला ट्राय, रिकाम्या ड्रमचं वजन वगळून, २९० किलोच्या आसपास भरतो. गेटवरच्या काट्यावर तेवढी पडताळणी दर वेळी करावी.

घनतेची चाचणी एके ठिकाणी मात्र फसवते. ‘ट्रायला सुरक्षित पर्याय’ म्हणून एन-प्रोपिल ब्रोमाइड विकलं जातं. त्याची घनता १.३५, एमडीसीच्या अगदी जवळ. फरक उकळबिंदूत दिसतो: एमडीसी ४० अंशांना उकळतं, हे ७१ ला. ते ट्रायपेक्षा सुरक्षित आहे, हा दावा खरा नाही. ते मज्जासंस्थेला घातक आहे. अमेरिकेने जानेवारी २०२२ मध्ये त्याला घातक वायुप्रदूषकांच्या यादीत घातलं, आणि ती यादी १९९० मध्ये झाल्यानंतर तिच्यात पडलेली ती पहिलीच भर होती. सीएएस १०६-९४-५ दिसलं की ड्रम परत पाठवा.

दुसरी पायरी: भाव कुठून हलतो ते समजून घ्या

हा बाजार वरून एक दिसला तरी आतून दोन आहेत. एकात सॉल्व्हंट काम करून हवेत उडून जातं: डिग्रीझिंग, रंग काढणं, ड्रायक्लीनिंग, चिकटद्रव्यं. दुसऱ्यात ते कच्चा माल म्हणून पूर्णपणे दुसऱ्या रसायनात बदलतं. पहिला बाजार कायद्यामुळे आकसतो आहे. दुसरा बराचसा रेफ्रिजरंट वायूंच्या मागणीवर चालतो.

एमडीसीपासून एसीतला आर-३२ हा थंडावा देणारा वायू बनतो. क्लोरोफॉर्मपासून आर-२२, आणि त्यातून पुढे टेफ्लॉन. ट्रायपासून गाड्यांच्या एसीतला आर-१३४ए, पर्कपासून आर-१२५. म्हणून उन्हाळ्यापूर्वी एसीचे कारखाने जोरात चालले की फार्मा आणि डिग्रीझिंगवाल्यांच्या एमडीसीवर ताण येतो. ओझोनविषयीच्या मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला २०२८ मध्ये एचएफसी वायूंचा (आर-३२, आर-१३४ए, आर-१२५ यांसारख्या रेफ्रिजरंटचा) वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. त्यामुळे पुढच्या काळात कच्च्या मालाची मागणीही दिशा बदलणार. कार्बन टेट्राक्लोराइडचं उदाहरण बोलकं आहे. ओझोन थरासाठी भारतात सॉल्व्हंट म्हणून त्याचा वापर १ जानेवारी २०१० पासून बंद झाला, पण कच्चा माल म्हणून ते आजही बनतं, आणि नव्या पिढीच्या १२३४वायएफ वायूसाठी त्याला मागणी आहे. एखादं रसायन ‘बंद झालं’ असं ऐकलं की कोणत्या वापरासाठी बंद झालं, हे आधी विचारावं.

दुसरी कळ क्लोरीनची. कॉस्टिक सोडा बनवताना एक टनामागे जवळजवळ ०.८९ टन क्लोरीन बाहेर पडतो. तो साठवून ठेवता येत नाही, कुठेतरी खपवावाच लागतो. क्लोरोमिथेन हा त्यातला एक मार्ग. मिथेनॉल आणि क्लोरीन यांपासून एमडीसी आणि क्लोरोफॉर्म एकाच प्लांटमध्ये सोबत निघतात, थोडं कार्बन टेटही पडतं. प्रमाण काही अंशी फिरवता येतं, पण एकच हवं आणि दुसरं नको असं चालत नाही. म्हणून क्लोरोफॉर्मला गिऱ्हाईक वाढलं तरी एमडीसीचा भाव पडू शकतो. भारतात हा माल मुख्यतः गुजरातेत दहेज आणि वडोदरा, तसंच तमिळनाडूत मेत्तूरला बनतो. परदेशी माल स्वस्तात ओतला जातो म्हणून एमडीसीवर याआधी अँटी-डंपिंग शुल्कही लागलेलं आहे. मिथेनॉल, जहाजभाडं आणि असं शुल्क, या तीन बातम्यांवर नजर ठेवली तर डीलर दर का वाढवतोय ते कळतं आणि बोलणी करता येतात.

खरेदी कोल्हापूर, इचलकरंजी किंवा सांगलीच्या डीलरकडून असेल तर आयजीएसटी लागतो, हुबळी-बेळगावच्या डीलरकडून असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी. दर दोन्हीकडे १८ टक्केच आणि क्रेडिटही मिळतं, त्यामुळे कराच्या नावाखाली कोणी जादा दर लावत असेल तर मान्य करू नका. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल हवंच. बिलावरचा एचएसएन, म्हणजे करासाठीचा मालाचा क्रमांक, तपासा: एमडीसी २९०३१२, ट्राय २९०३२२, पर्क २९०३२३ पासून सुरू व्हायला हवा. माल मूळ उत्पादकाच्या सीलबंद ड्रममध्येच मागा. सुट्या कॅनमधला माल थोडा स्वस्त पडतो, पण त्यात कोणाचं वापरून झालेलं, गाळून भरलेलं सॉल्व्हंट आहे ते कळायला मार्ग नसतो.

तिसरी पायरी: परदेशी ग्राहकाच्या पत्राचा अर्थ लावा

बेळगावचे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह, कास्टिंग आणि हत्तरगीकडचे विमानांचे भाग बाहेर जातात. त्यामुळे ‘तुमच्या प्रक्रियेत ट्राय वापरला जातो का’ अशी प्रश्नावली येते. ती आली की घाबरून खोटं ‘नाही’ लिहू नका, आणि ऑर्डर गेलीच असंही समजू नका.

युरोपात २१ एप्रिल २०१६ नंतर खास परवानगीशिवाय ट्राय वापरता येत नाही. हा नियम युरोपच्या हद्दीतल्या वापराचा आहे. बेळगावात धुतलेल्या आणि पूर्ण सुकलेल्या स्टीलच्या भागाला तो सरळ लागू होत नाही, कारण भागात ट्राय शिल्लक राहत नाही. अमेरिकेने मे २०२४ मध्ये एमडीसीवर आणि डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय व पर्कवर अंतिम नियम काढले. ट्रायवर सर्वच वापरांची टप्प्याटप्प्याने बंदी आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि काही अटींच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या. पर्कला ड्रायक्लीनिंगमधून दहा वर्षांत बाहेर काढायचं आहे. काही औद्योगिक वापर मात्र कडक अटींवर चालू राहतील.

त्या अटी किती कडक आहेत ते आकड्यांवरून कळतं. एमडीसीसाठी कामगाराच्या श्वासात आठ तासांची सरासरी मर्यादा २ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २ भाग) ठरली. तिथली जुनी मर्यादा २५ होती. पर्कसाठी ०.१४ पीपीएम. उघड्या टाकीवर हे आकडे साधणं शक्यच नाही.

म्हणून उत्तर देताना चार गोष्टी लिहा: कोणतं सॉल्व्हंट, सीएएससकट, प्रक्रियेत कुठे, तयार भागावर अवशेष राहतो का, आणि बदलण्याची योजना कोणत्या महिन्यापर्यंत. ग्राहकाच्या स्वतःच्या प्रतिबंधित यादीत ट्राय असेल, तर कायद्याचा मुद्दा मांडून उपयोग नाही, तिथे बदलावंच लागतं.

चौथी पायरी: खरंच लागतं का ते ठरवा

आमचं स्पष्ट मत असं, की नवीन लाइन टाकताना ट्राय घेऊच नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं आहे. पर्क आणि एमडीसी ‘बहुधा करणाऱ्या’ गटात येतात.

साध्या कास्टिंगवरचं कुलंट आणि चिप्स काढायला गरम अल्कलाइन वॉश पुरतो: २ ते ५ टक्के द्रावण, ५० ते ७० अंश, स्प्रे किंवा अल्ट्रासोनिक, मग दोन रिन्स आणि गरम हवा. आपल्याकडे तो तीन कारणांनी फसतो. एक, बोअरचं जड पाणी. चिकोडी-अथणीकडे तर रिन्सनंतर पांढरे डाग हमखास पडतात, म्हणून शेवटचा रिन्स आरओ किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचा हवा. दोन, पावसाळा. जून ते सप्टेंबर बेळगावची हवा एवढी दमट असते की बीडाच्या भागावर पाहता पाहता तांबूस पापुद्रा येतो. शेवटच्या रिन्समध्ये गंजरोधक घाला आणि ड्रायरमधून निघालेला भाग गरम असतानाच तेलात किंवा व्हीसीआय (गंजरोधक वाफ सोडणाऱ्या) पिशवीत टाका. तीन, बंद भोकं. व्हॉल्व्ह बॉडीच्या आतल्या आडव्या-उभ्या छिद्रांत पाणी अडकतं. तिथे भाग फिरवणारी बास्केट किंवा व्हॅक्यूम ड्रायर लागतो. अॅल्युमिनियमला कडक अल्कली चालत नाही, काळं पडतं. त्यासाठी वेगळं सौम्य रसायन मागा.

जिथे पाणी चालतच नाही, तिथे ६० अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट (वाफ ठिणगीने पेटू शकेल असं किमान तापमान) असलेलं हायड्रोकार्बन सॉल्व्हंट किंवा बंद व्हॅक्यूम मशीन पाहा. मशीन महाग असतं, पण त्यात सॉल्व्हंट आतल्या आत फिरत राहतं आणि उडून जाणारा माल वाचतो.

वडगाव-खासबागेतल्या यंत्रमागांवर साड्यांचे तेलडाग काढायच्या स्प्रे गनमध्येही बऱ्याचदा हीच रसायनं असतात. बंद खोलीत, तोंडाजवळ, दिवसभर ती फवारली जातात. तिथेही सीएएस क्रमांक बघायची सवय लावली पाहिजे.

पाचवी पायरी: जुना व्हेपर डिग्रीझर चालूच असेल तर

यात खालच्या भांड्यात सॉल्व्हंट उकळतं, जड वाफ टाकीत थरासारखी बसते, वरची थंड कॉइल तिला अडवते. थंड भाग वाफेत सोडला की वाफ त्यावर द्रव होऊन तेल धुवून नेते. भाग वाफेएवढा गरम झाला की धुणं आपोआप थांबतं. म्हणून पातळ पत्र्याचा भाग लगेच ‘संपतो’ आणि नीट साफ होत नाही, तर जाड कास्टिंग चांगलं साफ होतं. पातळ भागाला आधी गार सॉल्व्हंटमध्ये बुडवून मग वाफेत न्यावं.

उकळबिंदू पुस्तकातले धरू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. ट्राय पुस्तकात ८७ ला उकळतो, इथे ८४ च्या आसपास. पर्क १२१ ऐवजी ११८ ला. थर्मोस्टॅट त्यानुसार लावा. एमडीसी इथे ३७ लाच उकळायला लागतं. एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवलेल्या एमडीसीच्या ड्रमचं बूच फिरवलं तर आतला दाब तोंडावर येतो. ड्रम सावलीत ठेवा, सकाळीच उघडा, आधी छोटं बूच हळूहळू सैल करा.

वाया जाणारं सॉल्व्हंट वाचवायचं तर या गोष्टी सांभाळा. वाफेच्या वरच्या रेषेपासून टाकीच्या काठापर्यंतची उंची टाकीच्या रुंदीच्या किमान पाऊणपट हवी. ६० सेंटीमीटर रुंद टाकीला ४५, शक्यतो ६०. बास्केट मिनिटाला ३.४ मीटरपेक्षा वेगाने वर-खाली करू नका, म्हणजे सेकंदाला साडेपाच सेंटीमीटर. हाताने ओढणारा माणूस याच्या कितीतरी पट वेगाने ओढतो आणि वाफेचा थर सोबत बाहेर येतो. बास्केटने टाकीचं तोंड अर्ध्याहून जास्त व्यापू नये, नाहीतर ती पिस्टनसारखी वाफ बाहेर ढकलते. टाकीवर पंखा लावू नका. सुरू करताना आधी कॉइलचं पाणी, मग हीटर. बंद करताना आधी हीटर, मग पाणी.

सॉल्व्हंट कधी बदलायचं? तेलाचं प्रमाण पाव भागावर गेलं की. थर्मामीटरवर विसंबू नका, कारण एवढं तेल मिसळूनही उकळबिंदू दोन-तीन अंशच वाढतो. नमुना गार करून घनता पाहा. ट्राय १.४६ वरून १.३२ वर आला किंवा पर्क १.६२ वरून १.४४ वर आला, की वेळ झाली.

सगळ्यात मोठा धोका आंबण्याचा आहे. पाणी, अतिउष्णता किंवा अॅल्युमिनियमचा बारीक चुरा आत साठला की सॉल्व्हंटमधला स्टॅबिलायझर संपतो आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटायला लागतं. अॅल्युमिनियमच्या चुऱ्यासोबत ही क्रिया एकदम भडकूही शकते. दर आठवड्याला नमुन्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घालून हलवा, पाण्याचा थर वर येऊ द्या आणि पीएच पट्टी लावा. सहाच्या खाली गेलं, वास झोंबायला लागला किंवा टाकीच्या काठावर अचानक गंज दिसला, तर हीटर बंद करा, कॉइलचं पाणी चालू ठेवा, झाकण लावा, माणसं लांब न्या आणि पुरवठादाराला बोलवा. आम्ल मारायला कॉस्टिक सोडा कधीही घालू नका. ट्राय आणि कॉस्टिकमधून डायक्लोरोअॅसिटिलीन तयार होतं, जे विषारी आहे आणि आपोआप पेटतं. पावसाळ्यात कॉइलवर हवेतलं पाणी जास्त सुटतं, म्हणून त्या महिन्यांत वॉटर सेपरेटर रोज रिकामा करा.

डिग्रीझरच्या जवळ वेल्डिंग, गॅसकटिंग किंवा बिडी नको. आगीच्या किंवा आर्कच्या संपर्कात ही वाफ फॉस्जीन आणि आम्लवायू बनते.

सहावी पायरी: माणूस वाचवा

नाकावर भरवसा नको. एमडीसीचा वास साधारण दोन-तीनशे पीपीएमला कळतो, आणि अमेरिकेची मर्यादा २ आहे. वाफ हवेपेक्षा जड असते, ट्रायची साडेचार पट, म्हणून ती खड्ड्यात, पिटमध्ये, टाकीच्या तळाशी साचते. एक्झॉस्ट छताला लावून उपयोग नाही, जमिनीलगत हवा. टाकी साफ करायला कोणालाही आत उतरवू नका. आतला माणूस कोसळला म्हणून दुसरा मदतीला उतरतो आणि तोही तिथेच पडतो.

हातमोजे रसायनानुसार लागतात. साधे नायट्राइल मोजे एमडीसी काही मिनिटांत पार करतं. त्याला लॅमिनेट किंवा पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) हवेत, आणि पीव्हीएला पाणी चालत नाही. ट्राय-पर्कला व्हायटॉन या रबराचे चालतात. एमडीसीला मास्कचा साधा सेंद्रिय वाफेचा कॅनिस्टर पुरत नाही, एएक्स प्रकारचा (कमी तापमानाला उकळणाऱ्या रसायनांसाठीचा) लागतो. शरीरात गेलेल्या एमडीसीचा कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणून हृदयाचा त्रास असलेल्या कामगाराला त्या कामावर लावू नये. ट्रायवर काम केलेल्याने दारू घेतली की चेहरा-मान लाल होतात. कोणाला असं होत असेल तर त्याच्या श्वासातून ट्राय जातोय, असं समजून हवेची व्यवस्था तपासा.

सातवी पायरी: वापरलेला माल आणि रिकामे ड्रम

हे जमिनीवर ओतणं सर्वांत वाईट. पाण्यापेक्षा जड असल्याने ट्राय मातीतून, बेसाल्टच्या भेगांतून सरळ खाली उतरतं आणि वर्षानुवर्षं पाण्यात विरघळत राहतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने एक लिटर ट्राय २९ कोटी लिटर पाणी मर्यादेला पोचवतं. बेळगाव हे विहिरींचं शहर आहे, आणि टंचाईत त्याच विहिरी उपयोगी पडतात.

वापरलेलं सॉल्व्हंट २०१६ च्या घातक कचरा नियमांत पहिल्या परिशिष्टात २०.२ खाली येतं, गाळ-डिस्टिलेशनचा तळ २०.३ खाली, रिकामे ड्रम ३३.१ खाली. फॉर्म १ भरून कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून अधिकारपत्र घ्या. साठा पक्क्या, कठडा घातलेल्या, छताखालच्या जागेत, फॉर्म ८ च्या लेबलसह ठेवा आणि ९० दिवसांच्या आत पाठवा. रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, पाठवताना मॅनिफेस्ट (मालासोबत जाणारा वाहतुकीचा कागद) फॉर्म १० मध्ये. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट टर्पेंटाइन किंवा जुन्या हायड्रॉलिक ऑइलमध्ये मिसळू नका. मिसळलं की रिसायकलर घेत नाही, आणि सिमेंटच्या भट्ट्याही जास्त क्लोरीनचा कचरा नाकारतात, कारण क्लोरीनमुळे भट्टीत थर जमून वाट बंद होते. वेगळं आणि स्वच्छ ठेवलेलं ट्राय-पर्क मात्र डिस्टिल होऊन परत वापरता येतं.

सीमाभागात एक गोष्ट नेहमी राहून जाते. जवळचा रिसायकलर कोल्हापूर-सांगलीकडे असेल, तर माल राज्याबाहेर जातो. पुनर्वापरासाठी पाठवताना वाहतूकदाराच्या ताब्यात देण्याआधी कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही मंडळांना लेखी कळवावं लागतं. अंतिम विल्हेवाटीसाठी पाठवताना दोन्हीकडची ना-हरकत लागते. कागलच्या नाक्यावर गाडी अडली आणि हा कागद नसला, तर जबाबदारी माल पाठवणाऱ्याची. पत्र कन्नड किंवा इंग्रजीत एक आणि महाराष्ट्राकडे मराठी किंवा इंग्रजीत एक, अशी तयार प्रत स्टोअरमध्ये ठेवा.

रिकामे ड्रम भंगारवाल्याला देऊ नका. उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत तेच ड्रम धुवून पाणी साठवायला वापरतात. ते अधिकृत ड्रम-सफाईवाल्याकडे किंवा पुरवठादाराकडे परत गेले पाहिजेत, आणि देण्यापूर्वी वर-खाली भोकं पाडणं पुरवठादाराशी बोलून ठरवावं. एप्रिल ते मार्चचा वार्षिक हिशेब फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत मंडळाकडे जायला हवा. सॉल्व्हंटचं वर्षभराचं खरेदी वजन आणि त्या हिशेबातलं पाठवलेलं वजन यांतला फरक म्हणजे तुमच्या शॉपच्या हवेत गेलेला माल, आणि पुढच्या वर्षी पहिल्यांदा तोच आकडा खाली आणायचा.